जोहाना सिगुर्दारदोत्तिर : वेळ आली, पण तिजोरी रिकामी होती

कोरांटी

जून १९९४. आइसलंडच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. अध्यक्षपदाच्या लढतीत समाजकल्याण मंत्री जोहाना सिगुर्दारदोत्तिर हरली आहे. जिंकले आहेत परराष्ट्रमंत्री जोन बाल्डविन हानिबाल्सोन. अशा वेळी हरलेल्याने चार गोड शब्द बोलायचे, विजेत्याचा हात हातात घेऊन फोटो काढून घ्यायचा आणि गपचूप घरी जायचं, ही जगभरची रीत. जोहानाने मूठ उगारली आणि म्हणाली, "माझीही वेळ येईल!" आइसलंडमध्ये त्या वाक्याची जवळजवळ म्हणच झाली.

वेळ यायला पंधरा वर्षं लागली. १ फेब्रुवारी २००९ रोजी ती पंतप्रधान झाली तेव्हा वय होतं ६६. देशातल्या तिन्ही मोठ्या बँका बुडालेल्या, क्रोना या तिथल्या चलनाची किंमत जवळपास निम्म्यावर आलेली, महागाई साडेअठरा टक्क्यांवर, आणि आधीचं सरकार लोकांनी चौकात भांडी बडवून घालवलेलं.

तिच्याबद्दल कुठेही शोधलं तरी पहिलं वाक्य एकच येतं : जगातली पहिली उघडपणे समलिंगी पंतप्रधान. त्यात खोटं काही नाही. पण त्या एका वाक्यापुढे बहुतेक लेख सरकतच नाहीत, आणि तिची ३५ वर्षांची खासदारकी त्याखाली दबून जाते. मला तिच्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. आयुष्यभर घरं, पेन्शन, अपंगांचे भत्ते यासाठी सरकारी तिजोरीशी भांडलेल्या बाईच्या हातात तिजोरीची किल्ली आली ती आत काही शिल्लक नसताना. मग तिने काय केलं?

(तिकडे आडनावाची भानगड नाही. सिगुर्दारदोत्तिर म्हणजे सिगुर्दुरची मुलगी. पंतप्रधानालाही सगळे पहिल्या नावानेच हाक मारतात, टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली. म्हणून मीही एकेरीच लिहितेय, कोणी रागावू नये.)

जन्म रेक्याविकचा, ४ ऑक्टोबर १९४२. आजी जोहाना एगिल्सदोत्तिर कामगार बायकांच्या संघटनेची पुढारी, वडील सोशल डेमोक्रॅट खासदार. म्हणजे चळवळ घरातलीच, पण पैसा नव्हे. व्यापारी शाळेची पदविका घेऊन ती १९६२ मध्ये लोफ्टलेइदिर या विमान कंपनीत हवाईसुंदरी झाली. ती पंतप्रधान झाल्यावर परदेशी वर्तमानपत्रांनी "माजी हवाईसुंदरी" असे मथळे दिले. त्या नोकरीत असताना ती केबिन कर्मचाऱ्यांच्या युनियनची दोनदा अध्यक्ष होती, हे त्या मथळ्यांत बसलं नाही. विमान सोडल्यावर सात वर्षं पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात काम केलं. लग्न झालं, दोन मुलगे झाले.

१९७८ मध्ये ती आल्थिंगवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आली. तीनच वर्षं आधी, २४ ऑक्टोबर १९७५ ला, आइसलंडच्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस घरचं आणि दारचं काम बंद ठेवलं होतं. देश ठप्प झाला, पण संसदेवर लगेच फारसा परिणाम दिसला नाही. ६० खासदारांत बायका तीन. १९८३ मध्ये बायकांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढून निवडणूक लढवली तेव्हा कुठे आकडा नऊवर गेला. जोहाना त्या पक्षात गेली नाही. ती आपल्या जुन्या पक्षातच राहिली, १९८४ मध्ये उपाध्यक्ष झाली आणि १९८७ मध्ये समाजकल्याण मंत्री.

तीन वेगवेगळ्या पंतप्रधानांच्या हाताखाली ती त्याच खात्यात सलग सात वर्षं होती. घरकर्जाची रोखे-पद्धत तिच्या काळात आली, सरकारी मदतीने बांधायच्या घरांसाठी ती हटून बसायची. भांडण ठरलेलं : हिला पैसे हवेत, अर्थखात्याला द्यायचे नाहीत, आणि पक्षाध्यक्ष अर्थखात्याच्या बाजूने. १९९३ मध्ये तिने उपाध्यक्षपद सोडलं, पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला उभी राहिली, हरली, मंत्रिपद सोडलं, आणि १९९५ च्या निवडणुकीत थ्योद्वाकी (राष्ट्रजागृती म्हणू या) हा स्वतःचा पक्ष घेऊन उतरली. चार जागा. पुढे डाव्या पक्षांची मोट बांधून सोशल डेमोक्रॅटिक अलायन्स तयार झाला, त्यात हा पक्षही विरघळला. मग बारा-तेरा वर्षं विरोधी बाकावर. बहुतेकांनी तिला मोडीत काढलं असणार.

२००७ मध्ये अलायन्स उजव्या इंडिपेंडन्स पक्षाबरोबर सत्तेत गेला आणि जोहाना पुन्हा त्याच खात्याची मंत्री झाली. ऑक्टोबर २००८ च्या एका आठवड्यात ग्लितनिर, लांड्सबांकी आणि काउपथिंग कोसळल्या. पंतप्रधान गेइर हार्दे यांनी टीव्हीवरच्या भाषणाचा शेवट "देव आइसलंडचं भलं करो" असा केला, तेव्हा लोकांना कळलं की प्रकरण आपल्या हाताबाहेर गेलंय. दर शनिवारी संसदेसमोर निदर्शनं सुरू झाली. २० जानेवारी २००९ ला संसद पुन्हा भरली तेव्हा लोक घरून पातेली, तवे, झारे घेऊनच आले. आठवड्याभरात सरकार गेलं.

त्या बुडत्या मंत्रिमंडळात लोकप्रियता वाढलेली मंत्री एकटी जोहाना. डिसेंबरच्या पाहणीत सत्तरहून अधिक टक्के लोक तिच्या कामावर खूश होते. पक्षाध्यक्ष इंगिब्योर्ग सोलरून आजारी होत्या, त्यांनीच तिचं नाव पुढे केलं. आधी अल्पमतातलं सरकार, मग २५ एप्रिलच्या निवडणुकीत तिच्या पक्षाला २० आणि मित्रपक्ष डाव्या-हिरव्यांना (लेफ्ट-ग्रीन) १४ जागा. ६३ च्या सभागृहात ३४. आइसलंड प्रजासत्ताक झाल्यापासून निखळ डाव्या पक्षांना बहुमत मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच निवडणुकीत २७ बायका निवडून आल्या.

आता मुख्य प्रश्न. सरकार आलं ते नाणेनिधीच्या अटी गळ्यात घेऊन. खर्च कापायचा, कर वाढवायचा. तिने कराचे तीन टप्पे केले, जास्त मिळकतीवर जास्त दर. पण दवाखान्यांवरचा, शाळांवरचा खर्च कापला तोही तिनेच. नाणेनिधीचा कार्यक्रम ऑगस्ट २०११ मध्ये पूर्ण झाला. बाहेरच्या जगाने पाठ थोपटली. घरच्यांनी २०१३ मध्ये तिच्या पक्षाला २० वरून ९ जागांवर आणलं. माझं मत विचाराल तर, जे आयुष्यभर मागितलं ते द्यायची संधी तिला मिळालीच नाही, आणि तरी जे करायला लागलं त्यात तिने शक्यतो खालच्या माणसाला कमी झळ बसेल असं पाहिलं. तुमचं काय मत? इथे अर्थशास्त्रवाले बरेच आहेत, झोडा.

टपरीवाला

मस्त लेख. "माझीही वेळ येईल" हे वाक्य उद्या ऑफिसात प्रमोशनच्या यादीनंतर वापरणार.

घाटवळण

कोरांटीताई, लेख आवडला, पण झोडा म्हणालात म्हणून झोडतो. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे कर्जाचं काही वाचलं की हात शिवशिवतात.

"खालच्या माणसाला कमी झळ" हे तितकंसं खरं नाही. तिकडची घरकर्जं महागाईला बांधलेली असतात. महागाई वाढली की त्या प्रमाणात मुद्दलच वाढतं. म्हणजे माणूस नियमाने हप्ते भरतोय आणि बाकी फुगत चाललीय. १८ टक्के महागाईत काय होत असेल, हिशेब करा. त्यात हजारो लोकांनी येन आणि स्विस फ्रँकशी जोडलेली कर्जं घेतलेली, क्रोना आपटल्यावर ती दुप्पट झाली. आणि घराची किंमत खाली.

जोहानाबाईंनी वचन काय दिलं होतं? "घरांभोवती ढालींची भिंत उभारू." जुन्या योद्ध्यांच्या कथांतला शब्द, छान वाटतो ऐकायला. प्रत्यक्षात आलं काय, तर घराच्या किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत कर्ज खाली आणायचं, त्यावरचं माफ. म्हणजे ज्याने ऐपतीबाहेर उडी मारली त्याला माफी, आणि ज्याने निम्मे पैसे स्वतःचे घालून घर घेतलं त्याची जमा पुंजी गेली तरी त्याला काही नाही. परकीय चलनाशी जोडलेल्या कर्जांवर खरा दिलासा दिला तो सुप्रीम कोर्टाने, जून २०१० मध्ये ती बेकायदा ठरवून. सरकारने नव्हे.

ढालींची भिंत हा शब्द पुढे तिकडे शिवीसारखा वापरला गेला. ऑक्टोबर २०१० मध्ये संसदेचं अधिवेशन सुरू झालं तेव्हा चर्चमधून संसदेकडे चालत जाणाऱ्या खासदारांवर अंडी पडली. त्यानंतर तिचं धोरणाचं भाषण चालू असताना बाहेर हजारो लोक तेलाची रिकामी पिंपं बडवत होते. ज्या चौकाने तिला खुर्चीवर बसवलं तोच हा चौक, दोन वर्षंही झाली नव्हती.

कोरांटी

काका, पिंपांचा किस्सा मी मुद्दाम टाळला नव्हता, लेख लांबत चालला होता. ११० टक्क्यांबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण सरसकट माफी द्यायला पैसा कुठून आणणार होती? २०१३ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्ष तेच आश्वासन देऊन जिंकला, खरं. तोवर बुडालेल्या बँकांना कर्ज दिलेल्या परदेशी सावकारांकडून काढून घेण्यासारखं काहीतरी दिसू लागलं होतं. २००९ मध्ये ते दिसत नव्हतं.

उत्तरवारा

मी कोपनहेगनला असते, रेक्याविकला जाणं होतं अधूनमधून. त्या चौकाबद्दल थोडं, कारण चित्र डोळ्यांसमोर असलं की हे प्रकरण नीट कळतं. नाव आउस्तुरवॉलुर. मधोमध हिरवळ, त्यावर स्वातंत्र्यचळवळीचे नेते जोन सिगुर्दसन यांचा पुतळा, समोर संसदेची दोन मजली दगडी इमारत, १८८१ ची. शेजारी चिटकून कॅथेड्रल. कुंपण वगैरे काही नाही. फुटपाथवरून चाललात तर खिडक्या हाताच्या अंतरावर. तिथे पातेलं बडवलं तर आत बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येणं कठीण. मुंबईत किंवा दिल्लीत मोर्चा जिथे अडवतात आणि सभागृह जिथे असतं ते अंतर मनातून काढून टाका.

आणि लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर. चौकात आठ हजार माणसं म्हणजे देशाचे अडीच टक्के.

सप्तपर्णी

कोरांटी, एका मुद्द्यावर जाम असहमत. "त्या एका वाक्यापुढे लेख सरकत नाहीत" म्हणून तुम्ही ते वाक्य तिथेच सोडून दिलंत. जोनिनाचं नावसुद्धा आलं नाही लेखात!

फेब्रुवारी २००९ मध्ये आपल्याकडे ३७७ कलम जसंच्या तसं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा पहिला निकाल त्या जुलैत आला, आणि तोही पुढे सुप्रीम कोर्टाने फिरवला. मी तेव्हा कॉलेजात होतो, घरात कुणाला काही माहीत नव्हतं. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, पांढऱ्या केसांची चष्मा लावलेली बाई. माझ्यासाठी ती बातमी करविषयक धोरणाची नव्हती, सॉरी.

आता माहिती. जोहानाचं पहिलं लग्न १९७० चं, घटस्फोट १९८७ मध्ये. लेखिका आणि नाटककार जोनिना लेओसदोत्तिरशी तिची ओळख ऐंशीच्या दशकातली. दोघींनाही मुलं होती, संसार होते. बरीच वर्षं हे नातं बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. २००२ मध्ये दोघींनी नोंदणीकृत सहजीवन केलं. तो कायदा आइसलंडमध्ये १९९६ पासून होता, २७ जूनपासून. जून २०१० मध्ये आल्थिंगने सगळ्यांसाठी एकच विवाह कायदा केला, ४९ विरुद्ध शून्य. तो लागू झाला २७ जून २०१० ला, आणि त्याच दिवशी या दोघींनी आपलं सहजीवन विवाहात बदलून घेतलं. समारंभ नाही, अर्ज भरला आणि झालं.

अजून एक. दर शनिवारी त्या चौकात निदर्शनं घडवून आणणारा गायक होर्दुर तोर्फासन. १९७५ मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत त्याने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, असं जाहीरपणे सांगणारा तिकडचा पहिला नामवंत माणूस. इतका छळ झाला की देश सोडून डेन्मार्कला जावं लागलं. परत येऊन १९७८ मध्ये संघटना उभी केली. ज्याला देशाने हाकललं त्याने जमवलेल्या गर्दीने सरकार पाडलं, आणि त्या जागी जोहाना आली. तिच्या पंतप्रधान होण्यात ही गोष्ट नाही, असं कसं म्हणता येईल?

कोरांटी

सप्तपर्णी, होर्दुरचा १९७५ चा भाग मला ठाऊक नव्हता, आभार. जोनिनाचं नाव यायला हवं होतं, मान्य. माझी तक्रार परदेशी पत्रकारांच्या आळशीपणाबद्दल आहे. आइसलंडमध्ये ती पंतप्रधान झाली तेव्हा या गोष्टीची फारशी चर्चाच झाली नाही, लोकांना बँकेतल्या पैशांची चिंता होती.

उत्तरवारा

आइसलंडात चर्चा झाली नसेल, पण शेजारी झाली! सप्टेंबर २०१० मध्ये जोहाना जोनिनाला घेऊन फॅरो बेटांच्या अधिकृत दौऱ्यावर गेली. तिथल्या एका धार्मिक पक्षाचे नेते जेनिस आव राना यांनी त्यांच्या सन्मानार्थ ठेवलेल्या जेवणाला यायला नकार दिला. केवढा गहजब झाला तेव्हा. दोन वर्षांपूर्वी याच चिमुकल्या फॅरो बेटांनी बुडणाऱ्या आइसलंडला तीस कोटी डॅनिश क्रोनर उसने दिले होते, त्यामुळे आइसलंडच्या लोकांना नेमकं कुणावर रागवावं कळेना. फॅरोमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा २०१७ मध्ये लागू झाला.

आणि एप्रिल २०१३ चा चीन दौरा. युरोपातल्या देशाने चीनशी केलेला पहिला मुक्त व्यापार करार तिने बीजिंगमध्ये केला, जोनिना सोबत. चिनी माध्यमांनी जोनिनाकडे जवळपास डोळेझाक केली. नवरा असता तर पानभर फोटो आले असते.

टपरीवाला

अडाणी प्रश्न. त्या काळातलं ते आइससेव्ह प्रकरण काय होतं? बँक खासगी, बुडाली खासगी, मग ब्रिटनला पैसे सरकारने का द्यायचे?

घाटवळण

अडाणी अजिबात नाही, याच प्रश्नावर चार वर्षं भांडण चाललं.

लांड्सबांकीने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये "आइससेव्ह" नावाने ऑनलाइन ठेवी गोळा केल्या, व्याज भरपूर. तीन लाखांहून अधिक खातेदार, म्हणजे आइसलंडच्या लोकसंख्येएवढे. बँक बुडल्यावर आइसलंडने देशातल्या ठेवी वाचवल्या, बाहेरच्यांना वाऱ्यावर सोडलं. ब्रिटनने काय करावं? दहशतवादविरोधी कायदा लावून बँकेची मालमत्ता गोठवली. मित्रदेश, नाटोचा सभासद, आणि त्याच्यावर हा कायदा! तिकडचे लोक अजून विसरलेले नाहीत. मग त्या दोन सरकारांनी आपापल्या ठेवीदारांना पैसे दिले आणि आइसलंडकडे जवळपास चार अब्ज युरोंचं बिल पाठवलं.

जोहाना आणि अर्थमंत्री स्टेइनग्रिमुर यांनी हप्त्यांचा करार करून संसदेत मंजूर करून घेतला. इथे राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिमसन यांनी जानेवारी २०१० मध्ये सही करायला नकार दिला, म्हणून प्रश्न जनमताला गेला. मार्चमध्ये नव्वदहून अधिक टक्के लोक "नाही" म्हणाले. सुधारित करारही एप्रिल २०११ मध्ये लोकांनी पाडला. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) न्यायालयाने निकाल दिला की सरकारवर ती जबाबदारी नव्हतीच. म्हणजे जोहानाबाई जे द्यायला निघाल्या होत्या ते देणं लागतच नव्हतं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक.

अवांतर : सही नाकारल्यावर त्याच महिन्यात ग्रिमसन दिल्लीत होते, आपल्या प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते जवाहरलाल नेहरू पुरस्कार घ्यायला.

कोरांटी

काका, निकाल २०१३ चा आहे, २००९ मध्ये कोणाला माहीत होता? नाणेनिधीचे हप्ते आइससेव्हवरून अडले होते, नॉर्डिक देशांनीही कर्ज रोखून धरलं होतं. घरात पीठ नसताना वाण्याशी कोर्टकचेरी करायची हिंमत अध्यक्षांना परवडते, कारण दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांना जायचं नसतं.

तिच्या चुका मी सांगते, तुमच्या यादीत नसलेली एक. मार्च २०११ मध्ये समानता तक्रार समितीने निकाल दिला की पंतप्रधान कार्यालयाने एका पदासाठी तितक्याच पात्र बाईला डावलून पुरुषाला नेमलं आणि कायदा मोडला. स्त्री-पुरुष समानतेचा तो कायदा जोहाना त्या खात्याची मंत्री असतानाचा! पुढे कोर्टाने त्या उमेदवाराला भरपाईही द्यायला लावली. विरोधकांनी किती दिवस चघळलं असेल, विचार करा.

हेही खरं की वेश्यागमन करणाऱ्या गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवणारा कायदा, स्ट्रिप क्लबवरची बंदी, मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळात चाळीस टक्क्यांची अट हे सगळं तिच्याच चार वर्षांतलं. यातल्या कशालाही तिजोरीतून पैसे लागत नव्हते, हे लक्षात घ्या.

अर्धाकप

दाविद ऑडसन यांचा उल्लेख नाही म्हणजे काय! या नाटकातला खलनायक (किंवा नायक, कुठल्या बाजूला बसलात त्यावर). १९९१ पासून तेरा वर्षं पंतप्रधान, बँकांचं खासगीकरण त्यांच्या काळातलं. १९९४ पर्यंत जोहाना त्यांच्याच मंत्रिमंडळात होती. नंतर ते सेंट्रल बँकेचे गव्हर्नर झाले आणि बँका बुडाल्या तेव्हा खुर्चीवर होते.

२००९ मध्ये सत्तेवर आल्या आल्या जोहानाने पत्र लिहून त्यांना राजीनामा मागितला. ते म्हणाले, देत नाही. गव्हर्नरला काढता येत नव्हतं, मग तिने कायदाच बदलून तीन गव्हर्नरांऐवजी एक असं केलं आणि महिन्याभरात एक नॉर्वेजियन माणूस आणून बसवला. जुन्या साहेबाला असं घालवणं किती जणांच्या नशिबी येतं? पण दाविदही कच्चे नाहीत, सप्टेंबरमध्ये ते मोर्गुनब्लादिद या मोठ्या दैनिकाचे संपादक झाले. पुढची चार वर्षं रोज सकाळी जोहानाला त्यांचा अग्रलेख.

मोडीलिपी

राज्यघटनेचं कोणीच बोलत नाहीये. माझ्या दृष्टीने या सरकारचा सगळ्यात धाडसी प्रयोग तोच, आणि तो ज्या क्षुल्लक कारणांनी घसरला ते वाचून हसावं की रडावं कळत नाही.

१९४४ ची घटना डॅनिश काळातल्या घटनेला डागडुजी करून केलेली. ती लोकांकडून नव्याने लिहून घ्यावी ही जोहानाची जुनी मागणी. नोव्हेंबर २०१० मध्ये आधी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ९५० नागरिकांची सभा झाली, मग २५ जणांच्या घटना समितीसाठी निवडणूक. उमेदवार ५२२! जानेवारीत सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द केली. कारणं पाहा : मतदानाच्या जागी पुठ्ठ्याचे आडोसे होते, मतपत्रिकांवर क्रमांक होते आणि मतपत्रिकेला घडी घालू दिली नव्हती. कुणी फसवणूक केली असं कोणी म्हटलं नव्हतं. सरकारने त्याच लोकांची परिषद म्हणून नेमणूक केली. त्यांनी चार महिन्यांत, मसुदे वेबसाइटवर टाकत, लोकांच्या सूचना घेत, ११४ कलमं लिहिली आणि एकमताने दिली. ऑक्टोबर २०१२ च्या सल्लामसलतीच्या जनमतात दोन-तृतीयांश लोकांनी होकार दिला. नैसर्गिक संपत्ती देशाच्या मालकीची असावी याला तर ऐंशीहून जास्त टक्के.

आणि मग? संसदेत भाषणांवर भाषणं लावून विरोधकांनी वेळ काढला, मार्च २०१३ मध्ये अधिवेशन संपलं, विधेयक मताला आलंच नाही. मासेमारीचे कोटे ज्यांच्या हातात आहेत त्यांना ते संपत्तीचं कलम पचणं शक्य नव्हतं. पण स्वतःच्या पक्षानेही हात आखडता घेतला. तोवर जोहानाने पक्षाध्यक्षपद सोडलं होतं, नवे अध्यक्ष आउर्नी पाउल यांनी तडजोड केली. तिने ते पद महिनाभर उशिरा सोडलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कोरांटी

मोडीलिपी, पूर्ण सहमत. भर एवढीच की तिचं बहुमत कागदावरच उरलं होतं. डाव्या-हिरव्यांतले खासदार एकेक करून फुटत होते. २०१० मध्येच ती वैतागून म्हणाली होती की त्यांना एकत्र ठेवणं म्हणजे मांजरं वळण्याचं काम आहे. मित्रपक्षाला ते चांगलंच झोंबलं. तोंडाने ती कधीच गोड नव्हती.

घाटवळण

शेवटचा मुद्दा, मग थांबतो. बँका का बुडाल्या याचा चौकशी अहवाल १२ एप्रिल २०१० ला आला. दोन हजारांहून जास्त पानं. रेक्याविकच्या नाट्यगृहात नटांनी तो रंगमंचावर अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून काढला, ते मला फार आवडलं. (दोन दिवसांनी एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीने युरोपची विमानं बंद पाडली, आणि जगाला अहवालाऐवजी राख लक्षात राहिली.)

अहवालानंतर चार माजी मंत्र्यांवर खटला भरायची शिफारस आली. चौघांवर वेगवेगळं मतदान. गेइर हार्दे एकटे अडकले, ३३ विरुद्ध ३०. जोहानाच्या पक्षाच्या दोन मंत्र्यांची नावंही यादीत होती, ती दोन्ही सुटली, कारण तिच्याच पक्षाच्या काही खासदारांनी गेइरना फासावर द्यायचं आणि आपल्या माणसांना सोडायचं असं मत दिलं. २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने गेइरना एका मुद्द्यावर दोषी धरलं, मंत्रिमंडळाच्या बैठका वेळेवर न घेतल्याबद्दल, आणि शिक्षा काहीच दिली नाही. त्या मंत्रिमंडळात जोहानाही होती, हे विसरू नये.

अर्धाकप

पण काका, पुढचं पाहा ना. तिच्या मंत्रिमंडळातली शिक्षणमंत्री कात्रिन याकोब्सदोत्तिर २०१७ मध्ये पंतप्रधान झाली, सहा वर्षांहून जास्त राहिली. आणि २०२४ च्या शेवटी जोहानाच्याच पक्षाची क्रिस्त्रुन फ्रोस्तादोत्तिर, वय ३६. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी हाला तोमासदोत्तिर. वाट कोणी पाडली?

घाटवळण

वाट विग्दिसबाईंनी १९८० मध्येच पाडली होती, लोकांनी थेट निवडून दिलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. जोहानाच्या पक्षाचं म्हणाल तर तिच्यानंतर २०१६ मध्ये तो तीन जागांवर आला होता. तिथून २०२४ मध्ये पंधरावर नेला तो क्रिस्त्रुनने. आणि ती राजकारणात येण्याआधी कोण होती? एका बँकेची मुख्य अर्थतज्ज्ञ. बँकांनी बुडवलेल्या देशात पक्ष सावरायला शेवटी बँकेतलीच पोरगी लागली.

टपरीवाला

काका, पेन्शनरांची युनियन काढा. तुमचीही वेळ येईल.